शेरा

कंपनीच्या अहवालात आमचं पाणी हिरवं आहे.
म्हणजे पाणी नव्हे, पाण्याचा चौकोन.
मकरपुऱ्याच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
भिंतभर पडद्यावर सोळा चौकोन,
मार्चअखेर सगळे हिरवे.
यंदा साहेबांचा बोनसही त्यातल्या एकाला जोडलाय.

नटुभाई पढियार खाली असतात, सांडपाण्याच्या टाक्यांपाशी.
एकतीस वर्षं.
त्यांची वही दुरेघी, गुजरातीत,
मधेच नुसत्या खुणा:
गोल म्हणजे फेस,
गोलात टिंब म्हणजे फेस हटत नाही.

ते निवृत्त व्हायच्या आत
त्यांच्या डोक्यातलं सगळं सिस्टीममध्ये आणायचंय, मला.
मीटिंगमध्ये याला ज्ञान-व्यवस्थापन म्हणाले.
आई म्हणाली, म्हणजे म्हाताऱ्याला बोलतं करायचं.

तर मी विचारते. ते सांगतात.
दोन नंबरचा मीटर उन्हात थापा मारतो,
त्याला सकाळी सातला विचारा.
रंगखात्यात शिफ्ट बदलली की दीड तासाने
वास येतो, कच्च्या बटाट्याचा.
तेव्हा चुना आधी.
आकड्याची वाट बघायची नाही.

वास कुठे भरू?
तापमानाला रकाना आहे, आम्लतेला आहे,
विजेच्या प्रत्येक युनिटला आहे.
सॉफ्टवेअरवाल्याला पुण्याला फोन लावला.
तो म्हणाला, मॅडम, पण याचं एकक काय?

शेवटी एक रकाना मिळाला: शेरा.
दोनशे अक्षरं, ऐच्छिक,
पडद्यावर न दिसणारा.

गुरुवारी तीन वाजता मी वर होते.
चौकोन हिरवा.
खालून फोन: बेन, आवो.
जिना उतरतानाच आला,
सोललेला, ओला, कच्चा बटाटा.
नटुभाई चुन्याचं पोतं फाडत होते.
मी दुसरं फाडलं.
वर येऊन चौकोन लाल करायला गेले, तर
तीन सह्या लागतात.
एक साहेब सुरतेला होते.

शेऱ्यात लिहिलं: बटाटा. ३.१० वाजता.
सहा अक्षरं असतील. बाकीची तशीच पडून.

मग विचारलं, इथून पाणी पुढे कुठे जातं?
नकाशात आमच्या भिंतीपाशी रेघ संपते.
नटुभाईंनी हात धुतले,
शर्टाला पुसले.
रविवारी सायकल काढतो मी, म्हणाले,
नाल्याकाठाने, विश्वामित्रीपर्यंत.
मगरी दिसल्या की परत.
मी लॅपटॉप उघडला.

ते लिहायचं नाही, बेन.
जायचं.