उणे चारशे

दुधाच्या कॅलेंडरवर, लिटरच्या आकड्याखाली
मी रोजचे शब्द मांडते.
सोमवार तीनशे दहा.
मंगळवारी गॅस संपला, शून्य.
बुधवारचे नऊशे गुरुवारी निम्मे खोडले.

पुस्तकाला अजून पुठ्ठा नाही,
तीन झेरॉक्स तेवढ्या फिरतात.
उद्यमनगरातला भाचा म्हणाला,
"आत्ती, लेथवर असा हात ठेवला तर बोटं जातील की."
चौगुले बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ तपासले,
गोष्टीबद्दल अवाक्षर नाही.

आणि काल गंगावेशीत, धार काढता काढता
फुलाक्का, जी नातीकडून वाचून घेते:
"त्या पोरीला मारनार हायस न्हवं तू?
लईच गोड बोलाय लागलीया ती."

पेल्यावरचा फेस बसला.
ते प्रकरण तर अजून घरी, उशीखाली.

आज: उणे चारशे.
पोरगी पुन्हा उलट बोलते.