हातमोज्याच्या मापाचं

याना नदी गोठायला लागली
की प्रोकोपी गाडीचे कपडे उतरवतो.
पावाच्या लादीसारखी गाडी, राखाडी,
दवाखान्याच्या मालकीची, म्हणजे कुणाचीच नाही,
म्हणजे त्याची.

आधी रबर जातं.
इथल्या जानेवारीत रबर बिस्किटासारखं मोडतं,
म्हणून जाड सिलिकॉनच्या नळ्या, वर दुहेरी पट्ट्या.
मग काचा : प्रत्येक खिडकीला आतून दुसरी,
मध्ये बोटभर हवा,
माणसाच्या श्वासानं रस्ता पुसला जाऊ नये एवढ्याचसाठी.
नाकाडावर घोड्याच्या केसांच्या नमद्याची गोधडी.
मागे, पेशंटच्या पायाशी, भंगारातल्या बसचा हीटर.
पाट्यांचा कंस तडकलेला असतो दरवर्षी तिथेच.
तो लोखंड आधी ऊनऊन करतो, मगच वेल्डिंग,
आणि जोड लाल असतानाच त्यावर चुलीतली राख ओततो.
"थंडी एकदम भेटली की दुखावतं," म्हणतो.
माणसांबद्दल असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

एर्चिम, आमचा ड्रायव्हर, चोवीस वर्षांचा,
याकुत्स्कहून खोकं घेऊन आला :
इलेक्ट्रॉनिक पंप, निळा दिवा, जाडजूड पुस्तिका.
प्रोकोपीनं तो तळहातावर तोलला, भोपळा तोलावा तसा.
"मोडला तर?"
"मोडणार नाही. लिहिलंय आत."
"लिहिणारा राहतो कुठे?"
एर्चिम गप्प.
"छान आहे. जूनमध्ये लाव."

त्याच्या डाव्या हाताला अडीच बोटं.
बाकीची अडीच एका दहाच्या नटापायी गेली,
ज्यासाठी हातमोजा काढावा लागला होता
फक्त मिनिटभर.
तेव्हापासून त्यानं वाटेत लागणारा प्रत्येक बारका नट
गाडीतून हद्दपार केलाय.
त्यांच्या जागी कानवाले, पत्रा कापून स्वतः केलेले,
सशाच्या कानांएवढे, ओबडधोबड.
बसवला की कुत्र्याच्या कातड्याचे हातमोजे चढवतो,
डोळे मिटतो,
फिरवून बघतो.
अडला, की काढून पुन्हा कानशीवर.

मी नर्स. मला यातलं काय कळतंय?
मला वाटायचं, दणकट म्हणजे न मोडणारं.

फेब्रुवारीत, उणे त्रेपन्न,
मागे केस्किल, रेनडिअरांमागे हिंडणारा पोरगा,
अपेंडिक्स घट्ट धरून पडलेला.
बर्फावरच्या रस्त्यात गाडी खोकायला लागली.
पेट्रोलमध्ये पाणी, पाण्याचं बर्फ, फिल्टर ठप्प.
एर्चिमचा पाय पेडलवर : उचलला तर इंजिन गेलं,
इंजिन गेलं तर आम्ही तिघंही.
"दुसरा फिल्टर आहे," तो ओरडला, "तू उतर."

उतरले.
आडवी झाले. पापण्या एकमेकींना चिकटल्या.
अंधारात चाचपलं
आणि हाताला कान लागले.
मोठे, ओबडधोबड, माझ्या हातमोज्याच्या मापाचे,
जणू कुणी आधीच इथे आडवं होऊन
माझी वाट बघत होतं.
नळ फिरवला. कान पिळले.
खोकला थांबला.

केस्किल बरा आहे. टाक्याची खूण सगळ्यांना दाखवत फिरतो.

मार्चमध्ये मी गॅरेजवर गेले, सगळं सांगायला.
वाटेत काय काय म्हणायचं ते जुळवलं होतं,
डबा आणला होता, गोठवलेल्या माशाचे काप.
प्रोकोपी गाडीखाली. नुसते बूट दिसत होते.
मी बुटांनाच सांगितलं सगळं.

बराच वेळ पान्याचा आवाज.
मग खालून :
"घट्ट करताना किती वळसे दिलेस?"
"चार."
"तीन पुरतात," बूट म्हणाले,
"चौथ्यानं आटे झिजतात."