मागचा पत्ता

विश्रामबाग, सन चौऱ्याऐंशी.
बिरनाळ्यांच्या गच्चीवरची खोली, भाडं दोघांत.
रिबही सिव्हिलला, मी मेकॅनिकलला.
त्याचं पत्र आलं की पोस्टमन शिकलगार
पाकीट उलटं करून मागचा पत्ता वाचत.
"कॅम्प. वडील मिलिटरीत काय ओ?"

रिबही मराठी मेसमध्ये शिकलेला,
आकडे चपात्यांपुरते, सहापर्यंत.
"नाही. राहतो तिथं," म्हणाला,
आणि बोटं दाखवली: दहा, मग सहा.
त्याआधी दुसरा कॅम्प, नदीपलीकडे.
त्याआधी गाव.
गावाचं नाव तो घशाच्या तळातून काढायचा,
मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

किल्लीबिल्ली काही नव्हती त्यांच्याकडे.
दाराला नुसती कडी होती म्हणे,
तीही आतून.

जॉर्डनमध्ये आधी तंबू, मग पत्रे,
मग सिमेंटच्या विटांच्या भिंती, वर पत्रेच.
स्लॅबचं गणित रिबहीला झोपेतही सुटायचं,
पण आजोबा टाकू देत नसत.
"स्लॅब पडला की राहिलो,"
म्हणायचे, आणि हिवाळाभर बादल्या मांडायचे.

मेमध्ये मी त्याला एस्टीनं बामणोलीकडे नेलं.
कोयनेचं पाणी उतरलेलं.
भेगाळल्या गाळात आमच्या घराचं जोतं,
एक उखळ, काठोकाठ मातीनं भरलेलं.
माझा जन्म विट्याकडच्या वसाहतीतला;
मलाही हे सगळं
बोट दाखवूनच शिकवलेलं.
"दर वर्षी येता?"
येतो.
"कुणी अडवत नाही?"
कोण अडवणार, म्हणालो,
आणि म्हणून झाल्यावर
पाण्याकडे बघत राहिलो.
त्यानं बूट काढले.
जोत्याला वळसा घातला,
दार असेल तिथून
वाकून आत गेला.
उंच होता ना.

शिकून परतला. पत्रं विरळ होत गेली.
शेवटच्यात तीन ओळी:
आजोबा गेले.
पत्रे उतरवले.
शुक्रवारी स्लॅब.

मागचा पत्ता तोच.
शिकलगार निवृत्तीला आलेले;
पाकीट उलटं न करताच हातात दिलं.

अभिनंदन लिहावं की सांत्वन,
कळेना.
एरोग्राम आठवडाभर टेबलावर कोरा.
शेवटी विचारलं,
किती बाय किती?