टाके

बशी पालथी घालून बघायची, हे मला बापाने शिकवलं.
वरच्या अंगाला निळा पूल, दोन पाखरं, वाकलेलं झाड,
ते पाहुण्यांसाठी.
पाठीवर पितळेचे टाके, मुंगळे ओळीने निघावेत तसे.
ते आमचं.

बापाचं नाव उखर्डू.
आधीची दोन गेली म्हणून सुईणीने ह्याला
उकिरड्यावर लोळवलं, सुपात घालून घरात आणलं.
जगला. आणि जन्मभर
लोकांनी टाकायला काढलेलं सांधत बसला
धरणगावात, जिनवाल्या शेठच्या पायरीखाली.

कमानीची दोरी मागेपुढे. टोकाला कणीएवढी हिरकणी.
कुर्र कुर्र. थेंब थेंब पाणी.
भोक आरपार जायचं नाही, निम्म्यात थांबायचं.
कुठे, ते कानाला कळतं म्हणायचा, डोळ्याला नाही.
तार गरम असतानाच बसवायची;
थंड होताना ती आखडते
आणि दोन तुकडे, वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे,
नाइलाजाने जवळ येतात.
फटीत चुना, आणि अंड्याचा पांढरा.

त्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.
बाप घरूनच डबीत कालवून न्यायचा.
रात्री कंदील मालवला की एकटाच हसायचा.
आमची तुरेवाली कोंबडी
शेठच्या काचेच्या कपाटात राहायला गेली होती.

एकदा त्याने मला काठावरची वेल दाखवली.
फिरत फिरत येते आणि एका जागी जुळत नाही;
पान इकडे, देठ तिकडे.
"हाई कोन्ही पोर व्हई," म्हणाला,
"कागद चिकाडता चिकाडता
जेवाना भोंगा वाजना व्हई."
समुद्र त्याने पाहिला नव्हता. तापीचा पूर पाहिला होता.
त्या जागेवरून अंगठा मात्र हळू फिरवायचा.

चिनी माती शेठच्या चुलीपाशी चालत नसे.
देवाला तांबं, घरच्यांना पितळ.
ही भांडी कापूस घ्यायला साहेब आला की निघायची,
आणि धुऊन, पुसून, परत बाहेरच.
एक कप तीन ठिकाणी फुटला. बापाने सांधला.
शेठाणी लांबूनच म्हणाली,
"हाऊ कप आते तुनाच शे."
तेव्हापासून तो वळचणीच्या खुंटीला.
बाप अंगणात चहा प्यायचा, स्वतः विसळायचा, स्वतः टांगायचा.
साहेब दिवाणखान्यात, माझा बाप अंगणात;
दोघांना माती एकच, बाटणारी.
हे मला फार उशिरा सुचलं. बापाला सुचलं होतं की काय, माहीत नाही.

मागच्या महिन्यात कपाट विकायला निघालं.
मुंबईचा माणूस आला, भिंग लावून बघू लागला.
मला बोलावलं होतं पेंढा भरायला.
टाक्यांची भांडी त्याने वेगळी काढली, म्हणाला, भाव निम्मा.
दहा मिनिटांनी फोनवर बोलून आला, म्हणाला, नाही, राहू द्या,
असल्यांचे शौकीन असतात.
कारागीर कोण, विचारलं. मी नाव सांगितलं.
त्याने लिहून घेताना दोनदा चुकवलं.

खुंटीवरचा कप कोणी मोजलाच नव्हता.
खिशात घालून आणला.
बाप करायचा तसं पाणी भरून
वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा.

चहा मी स्टीलच्या ग्लासातच घेतला.