तिसरी ब, चौथा तास

अडतीस मुलं, एकोणीस यंत्रं,
म्हणजे एका उंदरावर दोन हात,
आणि कोण आधी, यावरून रोजचं भांडण.
बाहेर सोहारचं ऊन पत्र्यासारखं वाजतंय,
आत एसीखाली बादली, तिच्यात टप टप,
आणि मी सांगतेय:
दोनदा टिचकी मारायची. पटकन.
दार ठोठावल्यासारखी नाही,
कॅरमची सोंगटी मारतो ना, तशी.

रुद्रांशचं बोट घाबरट,
एक टिचकी मारतं आणि वाट बघत बसतं.
जोएल सात मारतो. सात खिडक्या उघडतात.
इफ्फतला क्यू सापडत नाही.
तिच्या मते अक्षरं रांगेत हवी होती,
एच्या मागे बी, प्रार्थनेला उभं राहतात तशी.
"मॅम, यांना कोणी विस्कटलं?"
मला माहीत नाही.
म्हटलं, घाईत असतील.

मग मागून किंकाळी:
"माझा कर्सर पळाला!"
पळाला नव्हता. उजव्या कडेला जाऊन उभा होता.
कुणाचं तरी कोपर लागून कीबोर्ड अरबी झालेला,
नाव उलट्या बाजूने उगवत होतं.
मी ऑल्ट-शिफ्ट दाबायला वाकले, तर झैनब म्हणाली,
"राहू दे ना बाई, थोडा वेळ तिकडून लिहिते."

बाई. अख्ख्या शाळेत मला बाई म्हणणारी ती एकटी.
बाप खेडचा, बंदरावर क्रेन चालवतो.
घरात कोकणी, जिन्यात मल्याळम, दुकानात अरबी,
आणि माझ्याशी, इकडेतिकडे बघून, हळूच मराठी.

फळ्यावर लिहिते सेव्ह,
तोंडाने म्हणते कंट्रोल एस,
मनात मात्र येतो तो जतन,
बरणीच्या तोंडाला फडकं बांधतानाचा शब्द.
"सेव्ह केलं नाही तर कुठे जातं, बाई?"
कुठे जात नाही. नसतंच मग.
तिला हे पटलं नाही.
मलाही नीटसं नाही.

पासवर्डच्या तासाला मी कडक होते.
कोणालाही सांगायचा नाही. मैत्रिणीला नाही,
दादाला नाही, मला तर मुळीच नाही.
"आणि विसरले तर?"
विसरायचं नाही.
हे काय उत्तर झालं!

जूनमध्ये ऑफिसातून यादी आली:
दाखले नेलेल्यांचे फोल्डर काढून टाका.
अकरा नावं. कुणाच्या बापाचं कंत्राट संपलं,
कुणाची कंपनीच.
सातवं नाव परकार, झैनब.
चौदा फाइली. न्यू, न्यू दोन, न्यू तीन,
शेवटची, न्यू खरंच.
नाव असं द्या की उद्या कळेल आत काय आहे,
घसा फोडून सांगितलं होतं वर्षभर.
उघडल्या नाहीत. दुसऱ्याचं उघडायचं नाही,
हेही मीच शिकवलेलं.
यंत्राने विचारलं, नक्की?
प्रश्न पूर्ण वाचा, मग होय दाबा, मुलांना सांगते.
दोन शब्दांचासुद्धा नाही तो प्रश्न.
तीनदा वाचला.
मग दाबलं.

नंतर एकेक कीबोर्ड उलटा करून झाडत होते.
वाळू, खोडरबराचा चुरा, बिस्किटाचे कण,
आणि बाराव्याच्या पोटाला चिकटपट्टीने डकवलेली
चार घड्यांची चिठ्ठी. वर लिहिलेलं:
झैनबचा पासवर्ड.

आधी राग आला. एवढं सांगून!
दुसऱ्याची चिठ्ठी उघडू नये.
उघडली.
आत देवनागरीत, रेघ सोडून, चढावर निघाल्यासारखं:
"कोणालाही सांगायचा नाही."

घड्या घालून होती तिथे परत लावली.
चिकटपट्टी आता नीट धरत नाही.