वजा चारशे

सावद्याला केळीच्या ग्रुपवर
काटा सांभाळतो मी, एकोणीस वर्षं.
घड येतात, आकडा येतो, मी ओरडतो, मुनीम लिहितो.
घडामागे दांडा वजा,
एवढीच माझी वजाबाकी.

हेमांगी सातवीत ज्युदोला गेली.
तडवी सरांनी पहिले चार महिने
फक्त पडायला शिकवलं.
मागे पड, कुशीवर पड, हनुवटी छातीला लावून पड,
पडता पडता गादीवर असा हात आपट
की आवाज मोठा आणि दुखणं लहान.
तिची आई दारात उभी राहून म्हणाली,
"याचे पैसे भरतो आपण दर महिन्याले?"
घरात हळद पुरेना.

मग जळगावला तिनं एका उंच पोरीला
कमरेवर घेऊन असं उलटवलं
जसा जुना हमाल घड उतरवतो, न ठेचता.
मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.
तो त्या उंच पोरीचा बाप होता.
त्यानंही माझी पाठ थोपटली, काय करणार.

तेव्हापासून वजनाचं आलं घरात.
चव्वेचाळीस किलोचा गट.
थंडीत मळ्यात भरिताची वांगी भाजली,
काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा,
सारी आळी पंगतीला,
आणि ही वाटीभर काकडी घेऊन
जाळाकडे पाठ करून बसलेली.
"खाय व माय, एक घास तरी."
"आई, मले विचारू नको ना."

रोज पहाटे पाचला
ग्रुपच्या शेडमध्ये आम्ही दोघं.
बल्बभोवती चिलटं, ओल्या पानांचा वास.
ती चप्पल काढायची, केसांतली पिनसुद्धा,
आणि श्वास सोडून काट्यावर चढायची,
श्वासालाही वजन असल्यासारखी.

स्पर्धेच्या आदल्या रात्री
पेला तोंडाला लावून ती नुसते ओठ ओले करत होती.
मी पाहिलं, आणि पहाटे आधी एकटाच गेलो.
चारशे ग्रॅमची फणी ठेवली,
शून्य दाबलं,
फणी उचलली.
रिकामा काटा वजा चारशे दाखवू लागला.
आकड्यावर रुमाल टाकला.
एकोणीस वर्षांत कुणाच्या एका घडालाही
हे केलं नव्हतं.

ती चढली. मी रुमाल काढला.
त्रेचाळीस नऊशे.
काय हसली!
घरी येऊन दोन बट्ट्या खाल्ल्या तुपात बुडवून,
वरण वाटीनं प्यायली,
तिची आई पातेलं हातात धरून बघत राहिली.
मला वाटलं, जिंकलो आपण.

धुळ्याला त्यांचा काटा.
चव्वेचाळीस सहाशे.
तास दिला.
दोन स्वेटरांवर रेनकोट चढवून
ती मैदानाला फेऱ्या मारत राहिली,
बाटलीत थुंकत राहिली.
मी तिच्या चपला हातात धरून उभा.
चव्वेचाळीस दोनशे.
साहेबांनी नावावर रेघ मारली,
मारताना वर पाहिलं नाही.
मीही घडांकडे कुठे पाहतो.

एसटीत पारोळा गेलं, एरंडोल गेलं.
मग म्हणाली, "माह्यंच कायतरी चुकलं, पप्पा."
मी खिडकीची काच ओढत राहिलो.
ती नीट बसत नव्हती.

वीस दिवस झाले. सांगितलेलं नाही.
आज पहाटे तीच म्हणाली, "चला."
शेडमध्ये तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल पाहिला.
कोपऱ्यातलं वीस किलोचं लोखंडी माप
दोन्ही हातांनी उचललं, काट्यावर ठेवलं.
वीस. पुढे तिन्ही शून्यं.
बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.
मग माप उतरवलं,
चपला काढल्या
आणि माझ्या हातात दिल्या.