म्हाताऱ्या

निदानाचे एकोणनव्वद डॉलर,
म्हणजे नुसतं येऊन बघण्याचे.
अकोल्यात बघायला येणाऱ्यांना
पैसे नाही, पोहे द्यायचो,
हे मी एलॉय बाकाला सांगितलं नाही.
तो अंगणात गुडघे टेकून
यंत्राचे स्क्रू सोडवत होता.

रिओ रँचो, जूनचा दुसरा आठवडा.
समुद्रसपाटीपासून पाच हजार तीनशे फूट वर
आणि समुद्र कुठल्याच बाजूला नाही.
दोरीच्या या टोकाला टॉवेल वाळत घालावा,
त्या टोकाचा तोवर कडक होऊन
पापडासारखा वाजतो.
ओठ फुटतात, टाचा फुटतात,
मागच्या मे महिन्यात पोळपाट फुटला,
मधोमध, कोणी हातही लावला नव्हता.

आधी छपरावर कूलर होता, आमच्या गावासारखाच,
फक्त वाळ्याचा वास नव्हता.
इथलं पाणी जड. पात्यांवर खार चढायचा,
चुन्याच्या निवळीत बुडवून काढल्यासारखा,
आणि तो मी जुन्या उलथन्याने खरवडायची.
ऑक्टोबरात पाणी तोडा, ताडपत्री बांधा,
एप्रिलात ताडपत्री सोडा, उंदीर काढा.
एके वर्षी गुडघे म्हणाले, आता शिडी पुरे.
मग हे आलं.
याचे हप्ते फिटले त्याच महिन्यात
याच्या दुरुस्त्या सुरू झाल्या.

वहीत सगळं आहे:
मार्च. फिल्टर, चार, बावन्न डॉलर.
एप्रिल. कपॅसिटर. दुधाच्या मापाएवढा डबा,
दोनशे दहा.
गेल्या साली गॅस, पाउंडाच्या भावाने,
सोनाराने गुंजा टाकाव्यात तसा जपून.
धुळीचं वादळ, तीन फिल्टर वाया,
ही नोंद पेन्सिलीने,
कारण तेव्हा वाटलं होतं
विमावाले देतील.

"हवा विरळ आहे," एलॉय म्हणाला,
"इथे यालाही दम लागतो."
आणि त्याने पत्रा उचलला.

आत जाळी दिसतच नव्हती.
नदीकाठच्या कॉटनवुडचा सगळा कापूस
येऊन तिथे बसला होता,
थरावर थर, एकमेकींना धरून,
लोकरीची बंडी घातल्यासारखं यंत्र.

मी म्हटलं, आमच्या भाषेत यांना
म्हाताऱ्या म्हणतात.
त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं,
मग जाळीकडे.
"किती असतील?"
मोजत नाहीत, म्हटलं. तळहातावर घ्यायची,
फुंकर मारायची, सोडून द्यायची.
"या नाही सुटायच्या," तो म्हणाला,
"यांना आतून बाहेर धुवावं लागतं.
हळू. जोर लावला तर पाती वाकतात."

तेवढ्यात शाल्मलीचा फोन, सिएटलहून.
आई, नवंच बसव, मी भरते.
नऊ हजार चारशे. हमी दहा वर्षांची.
सदुसष्ट आणि दहा,
मी मनात मांडलं
आणि हातचा न घेताच पुसलं.
म्हटलं, बघू गं, हे चालतंय अजून.
चालत नव्हतं. तो नळी धरून उभा होता,
पांढरा गाळ खडीवरून वाहत
लव्हेंडरच्या मुळाशी जात होता.

दुपारी दोनला यंत्राने एक आचका दिला,
खाकरलं, लागलं.
एलॉयने ताक प्यायलं, जिऱ्याबद्दल विचारलं.
बघण्याचे धरून एकशे चौसष्ट.
वहीत कुठल्या खात्याला घालू कळेना,
शेवटी लिहिलं:
म्हाताऱ्या धुणे.

रात्री नऊनंतर मी ते बंद करते.
वाळवंट आपणहून गार होतं,
त्याला कोणी बिल लावलेलं नाही.
खिडक्या उघडते.
आज एक आत आली, दिव्याभोवती फिरली,
वहीवर टेकली, ओल्या शाईवर.
हिचे पैसे पुढच्या जूनमध्ये.